सिस्टर आणि दहा हजार खेळांची काडी

सिस्टरना एखादी वस्तू विकणं सोपं काम नव्हतं. त्या आधी वस्तूची हिस्टरी घ्यायच्या. लातूरच्या बाजारात मी त्यांच्यासोबत मिक्सर घ्यायला गेले होते, तेव्हाचं आठवतं. दुकानदारानं मिक्सर चालू करून दाखवला. सिस्टरनी कान जवळ नेला, डोळे मिटले आणि विचारलं, "हा आवाज चालू केल्याबरोबर येतो का थोड्या वेळानं? गरम होतो का? किती मिनिटांनी? याच कंपनीच्या दुसऱ्या कुणाला असा त्रास हाय का?" दुकानदार उभ्याउभ्या रुग्णाच्या नातेवाइकासारखा उत्तरं देत होता. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "ठीक हाय. भरती करा," आणि मिक्सर पिशवीत आला.

त्या आमच्या समोरच्या दारात सहा वर्षं राहिल्या. नोकरीतली बरीचशी वर्षं भोकरच्या सरकारी दवाखान्यात गेलेली, माहेर देवणीचं. निवृत्त झाल्यावर मुलगी इथं शिकायला होती म्हणून लातूरला फ्लॅट घेतला. मुलगी मीनल पुढं नोकरीला लागून पुण्याला गेली, सिस्टर इथंच राहिल्या. यजमान फार पूर्वी वारलेले. अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणायची. भाजीवाली, वॉचमन, माझे सासरे, सगळेच. दाराच्या पाटीवर नाव होतं, पण ते मी कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं.

"सांगू नको, दाखव," हे त्यांचं आवडतं वाक्य. पोट दुखतं म्हणणाऱ्याला ते, टोमॅटो ताजे आहेत म्हणणाऱ्यालाही तेच. मी एका क्लासमध्ये मुलांना जीवशास्त्र शिकवते. एकदा मी त्यांना म्हटलं, की माझी यंदाची बॅच फार हुशार आहे. त्या लगेच म्हणाल्या, "दाखव." रविवारी चार मुलींना घरी बोलवावं लागलं. सिस्टरनी त्यांना रक्तदाब मोजायला लावला. चौघींपैकी एकीलाही पट्टा नीट बांधता आला नाही. सिस्टर चहा टाकायला उठल्या. पुढचे दोन महिने त्या चौघी दर रविवारी येऊन पट्टा बांधायला शिकल्या.

अशा बाईच्या हातून एका जानेवारीतल्या सकाळी चहाचा कप पडला. मी क्लासला निघायच्या घाईत होते. बेल वाजली. दारात सिस्टर, उजवा खांदा चौकटीला टेकलेला, चेहरा शांत. म्हणाल्या, "वैशाली, रिक्षा बोलव. माझा उजवा हात गेला. आणि आता किती वाजले ते लिहून ठेव, डॉक्टर वेळ विचारतील." रिक्षात बसल्यावर त्यांनी मला दोनदा विचारलं, "लिहिलं का?" मी तळहातावर पेनानं लिहिलेली वेळ दाखवली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

पक्षाघाताचा झटका होता, पण वेळेत पोचल्यामुळं त्या वाचल्या. बोलणं जसंच्या तसं राहिलं, पाय महिनाभरात चालू लागला. उजवा हात मात्र मागं राहिला. खांद्यातून उचलायचा, कोपरात वाकायचा, पण बोटं ऐकायची नाहीत. मीनल पंधरा दिवस येऊन राहिली. जाताना तिनं माझ्यादेखत आईला सांगितलं, "मे महिन्यापर्यंत बघू. हातानं स्वतःचं स्वतःला करता आलं तर राहा इथं. नाही तर मी येऊन घेऊन जाईन." त्यात जबरदस्ती नव्हती, काळजी होती. सिस्टरनी मान हलवली. मुलगी गेल्यावर मला म्हणाल्या, "पुणं वाईट न्हाई गं. पण सातव्या मजल्यावर मी काय करू? तिथं कुणी माझ्याकडं साधं बोट कापलं म्हणूनसुद्धा येणार न्हाई."

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम दिवसाआड यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला होता. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. सिस्टर सगळ्या पेशंटना आयुष्यभर औषधं वेळेवर घ्यायला लावणाऱ्या, पण स्वतः त्या चेंडूला विटल्या. "दाबला तर काही होत न्हाई, न्हाई दाबला तरी काही होत न्हाई," त्या म्हणायच्या, "असल्या चेंडूसाठी बोटानं कशाला कष्ट घ्यावेत?" चेंडू सोफ्याखाली गेला तरी त्या काढायच्या नाहीत. मार्च उजाडला. मला आतून भीती वाटायला लागली, की ही बाई हरते की काय.

आणि मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज असा, की मी पोळपाट तसाच टाकून धावले. सिस्टर सोफ्यावर सरसावून बसलेल्या, डाव्या हातात मोबाइल. "हे बघ," म्हणाल्या. मोबाइलवर जाहिरात होती. बोटभर लांबीची काळी काडी, टीव्हीच्या मागं खोचायची, सोबत दोन रिमोटसारखी कंट्रोलर. जुन्या काळचे दहा हजार खेळ, लावा आणि खेळा. किंमत हजाराच्या आतबाहेर. खाली एका चित्रात विटांच्या भिंती आणि त्यांच्यामधून फिरणारे छोटे रणगाडे.

"हा खेळ मला येतो," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या साधारण त्रेसष्ट-चौसष्टच्या. मग त्यांनी सांगितलं. भोकरला क्वार्टरमध्ये त्यांच्यासोबत शकुंतला नावाची दुसरी नर्स राहायची, मूळ कंधारची. एक डॉक्टर बदली होऊन जाताना आपल्या मुलांचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओगेम या दोघींना देऊन गेले. एकच कॅसेट होती, रणगाड्यांची. सकाळपाळी सुटली की दोघी जेवण उरकून टीव्हीसमोर. एकीनं पुढं जाऊन शत्रूचे रणगाडे उडवायचे, दुसरीनं मागं थांबून आपलं घर सांभाळायचं. घर पडलं की डाव संपला. "मी पुढं, शकू मागं," सिस्टर म्हणाल्या. "एकूण पस्तीस टप्पे होते. आम्ही चौतीसपर्यंत गेलो. पस्तिसाव्यात आलो की लाइट जायची न्हाईतर कुणाची तरी डिलिव्हरी यायची. शेवटी काय हाय ते आम्ही कधी बघितलंच न्हाई. मग माझी बदली झाली, तो डबाही बिघडला."

त्या बोलत होत्या आणि त्यांचा उजवा अंगठा मांडीवर हलत होता. अगदी थोडासा, पण हलत होता. मी तिकडं बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनीही अंगठ्याकडं बघितलं. "ही काडी चांगली हाय का गं?" त्यांनी विचारलं.

आता खरा प्रश्न सुरू झाला. मी त्या दिवशीच मागवायला निघाले होते. सिस्टरनी अडवलं. "माझे वडील देवणीच्या बाजारात बैल घ्यायचे तर आधी गावाबाहेर चालवून आणायचे. नुसतं शिंग बघून न्हाई घ्यायचे. आधी माहिती काढ." मी माहिती काढली. लोकांनी लिहिलेलं वाचलं तर अर्धे म्हणत होते, लहानपण परत आलं. अर्धे म्हणत होते, कचरा, आठवड्यात बंद. क्लासमधल्या मुलांना विचारलं, तर एक जण म्हणाला, मॅडम, हे खेळ मोबाइलवर फुकट मिळतात. मी ते सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काचेवर बोट फिरवायला ताकद लागत न्हाई. मला बटण पाहिजे. दबणारं." त्यांना काय हवंय हे त्यांना किती नेमकं कळत होतं, ते मला तेव्हा समजलं.

व्यायामाच्या मॅडमना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हाताला काम मिळतंय ना, मग उत्तमच. फक्त सलग पाऊण तासाच्या वर नको. ही परवानगी मिळाल्यावर सिस्टरनी सफेद साडी काढली. आम्ही रिक्षा करून गंजगोलाईकडं गेलो. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच बाजारात येत होत्या. तिथल्या गल्लीत एक इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला पन्नाशीचा दुकानदार. त्यानं काचेतून डबा काढला आणि म्हणाला, "दहा हजार गेम हायेत मावशी. बेफिकीर ऱ्हावा."

"सांगू नका, दाखवा," सिस्टर म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

काडी दुकानातल्या टीव्हीला लागली. यादी आली. सिस्टर डाव्या हातानं यादी खाली सरकवू लागल्या, आणि पाच मिनिटांत त्यांनी पहिली नोंद केली. विमानाचा एक खेळ बारा नंबरला होता, दोनशेच्या घरात पुन्हा तोच होता, सातशेच्या पुढं तिसऱ्यांदा. नाव दर वेळी वेगळं. "एकाच पेशंटचे तीन केसपेपर काढलेत तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. दुकानदार गालातल्या गालात हसला. "कंपनीवाले तसंच करतेत मावशी. दहा हजार म्हणायचं, हजार-दीड हजार खरे समजा."

"एवढ्या लवकर कबूल केलं, बरं वाटलं," सिस्टर म्हणाल्या. "मला एकच पाहिजे. रणगाडे काढा."

आणि रणगाडे सापडेनात. जाहिरातीत चित्र होतं, यादीत नाव नव्हतं. दुकानदारानं शोधलं, मी शोधलं. पाचशे, हजार, पंधराशे. चिनी अक्षरं, मोडकं इंग्रजी, एकाखाली एक. दुकानात आलेले दोन गिऱ्हाइकंसुद्धा थांबून बघायला लागले. एक जण म्हणाला, मागं घ्या, मघाशी काही तरी दिसलं. सिस्टरचा चेहरा मात्र उतरत चालला होता. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. ते उघडा." चित्र बोटीचं होतं, नाव भलतंच, पण कोपऱ्यात चार विटा दिसत होत्या. उघडलं. काळा पडदा, विटांची अक्षरं, आणि मग ती सुरुवातीची छोटी धून. सिस्टरनी तिच्याबरोबर मान डोलावली. तीस-बत्तीस वर्षांनी ऐकलेली धून त्यांना एका सुराची चूक न करता पाठ होती.

खेळायला घेतलं आणि दुसरी नोंद झाली. बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटत होती. उशीर म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याएवढा, पण सिस्टरना तो कळला. "पेशंट उशिरा उत्तर देऊन राहिला. हा दोष काडीचा का टीव्हीचा?" असा प्रश्न त्या दुकानदाराला त्याआधी कुणी विचारला नसावा. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेला, खेळासाठीचं वेगळं सेटिंग चालू केलं. उशीर बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. मग त्यानं आपणहून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. काडीला टीव्हीतून वीज देऊ नका, मोबाइलचा चार्जर लावा, नाही तर मध्येच बंद पडते. आणि आतलं मेमरी कार्ड हलकं असतं, ते कधी जाईल सांगता येत नाही. तेवढं बदलून घ्या, मी सगळे गेम त्यावर टाकून देतो. सिस्टर लक्ष देऊन ऐकत होत्या, वॉर्डातल्या राउंडला डॉक्टरांचं ऐकावं तसं.

सगळं विचारून झालं. मला वाटलं, घेतील. त्या म्हणाल्या, "उद्या येते."

परतताना रिक्षात मी जरा चिडूनच विचारलं, "आवडली ना? मग घ्यायची की." सिस्टर म्हणाल्या, "आवडली म्हणूनच न्हाई घेतली. लई आवडलेल्या वस्तूचे दोष दिसत न्हाईत. एक रात्र जाऊ दे." मग हळूच म्हणाल्या, "आणि माझं बोट चाललं न्हाई, बघितलंस ना? सगळ्या गोळ्या मी डाव्या हातानं मारल्या, कंट्रोलर मांडीवर ठेवून." मी ते बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माझ्या दारात. निर्णय झालेला होता आणि तो त्यांनी डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवावं तसा सांगितला. खेळ खोटे फुगवलेले, हरकत नाही, लागतो तो एक आहे. उशीर आहे, पण माझ्या बोटाला त्याहून जास्त उशीर आहे. टिकेल याचा भरवसा नाही, पण मला मेपर्यंतच टिकायला हवी. "आणि मुख्य म्हणजे," त्या म्हणाल्या, "पर्समध्ये मावती. शकूकडं घेऊन जाता येईल."

काडी घरी आली आणि पुढचे सहा आठवडे आमच्या मजल्यावर रणगाड्यांचा आवाज घुमायचा. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, त्याच्या वर एक मिनिट नाही. डावा अंगठा दिशा द्यायचा, उजव्यानं फक्त एक बटण दाबायचं. पहिल्या आठवड्यात उजवा अंगठा दहा वेळा सांगितल्यावर एकदा दाबायचा आणि तोवर घर पडलेलं असायचं. मी दुसरा कंट्रोलर घेऊन बसायचे, पण मला खेळता यायचं नाही. मी चुकून आपलंच घर उडवायचे. सिस्टर म्हणायच्या, "वैशाली, शत्रूला तू मदत करून राहिलीस." बघता बघता दहातलं एक, पाचातलं एक झालं. एप्रिलच्या एका सकाळी एका रणगाड्यानं त्यांना कोपऱ्यात गाठलं आणि सिस्टरच्या उजव्या अंगठ्यानं सलग तीन गोळ्या मारल्या. सिस्टरनी खेळ थांबवला, स्वयंपाकघरात गेल्या आणि उजव्या हातानं बरणीतली साखर काढून कपात टाकली. अर्धी ओट्यावर सांडली. तो चहा आम्ही दोघी प्यायलो, आणि तसा गोड चहा मी नंतर प्यायले नाही.

मे उजाडायच्या आत आम्ही कंधारला गेलो. शकुंतलाबाईंना आदल्या दिवशी फोन केला होता, पण काडीचं सांगितलं नव्हतं. एसटीत सिस्टर पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. अहमदपूर गेल्यावर म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली भेटून. तिचे मिस्टर वारले तेव्हा गेले होते, तेही तासभर."

शकुंतलाबाई दारातच उभ्या होत्या. बारीक अंगकाठी, जाड भिंगाचा चष्मा. "कुसुमे," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरना नाव आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं. त्यांनी सिस्टरचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटापालटा करून बघितला, एकेक बोट वाकवून बघितलं. दोन नर्स भेटल्यावर बहुतेक असंच करत असाव्यात. "बरा हाय की," त्या म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, "सांगत न्हाई, दाखवते," आणि पर्समधून काडी काढली.

काडी काय आहे हे कळल्यावर शकुंतलाबाई मटकन खाटेवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसताहसताच त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं त्यांचा टीव्ही होता. जुना, पाठीला पोक असलेला, पेटीसारखा. मी मागं जाऊन बघितलं. काडी खोचायला जागाच नव्हती. इतकी चौकशी केली, इतकी परीक्षा घेतली, आणि हा प्रश्न आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

सिस्टर पहिल्यांदाच माझ्यासमोर गोंधळल्या. शकुंतलाबाई मात्र उठल्या, पायात चपला सरकवल्या. "चला, जोशी मास्तरीणबाईंकडं नवा टीव्ही हाय." शेजारच्या घरी एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान दुपारच्या बातम्या बघत होते. शकुंतलाबाईंनी प्रस्ताव मांडला. यजमानांनी आमच्याकडं, मग काडीकडं बघितलं आणि रिमोट टेबलावर ठेवला. "बातम्या संध्याकाळी पुन्हा तेच सांगतात," ते म्हणाले.

मी सेटिंग बदललं, चार्जर लावला. खेळात थेट चौतिसाव्या टप्प्यावरून सुरुवात करायची सोय होती, ती मी दाखवली. दोघींनी एकदमच नाही म्हटलं. पहिल्यापासून. आणि मग भांडण सुरू झालं, कारण सिस्टर सवयीनं पुढं गेल्या.

"कुसुमे, तू मागं थांब."

"मी कधी मागं थांबले?"

"तुझं बोट हळू हाय. पुढं गेलीस तर मरशील. घर सांभाळ, मी जाते."

दोन डाव सिस्टर हट्टानं पुढं गेल्या, दोन्ही वेळा सातव्या-आठव्या टप्प्यात डाव संपला. तिसऱ्यांदा त्यांनी आपला रणगाडा घराजवळ आणून उभा केला. मला ते बघवलं नाही, पण दहा मिनिटांत माझं मत बदललं. मागं थांबून घर राखायला वेग लागत नव्हता, नजर लागत होती, आणि ती सिस्टरकडं भरपूर होती. कोण कुठून येणार हे त्यांना आधी दिसायचं. "शकू, डावीकडून दोघं." "बघितलं." "तो चिलखती हाय, चार गोळ्या लागतील." "मोजून राहिले." शकुंतलाबाईंचा चष्मा नाकावर घसरला होता, पण तो सावरायला हात मोकळा नव्हता. मास्तरीणबाईंनी पुढं होऊन तो वर सरकवला.

पंधरावा, विसावा, सत्ताविसावा. मध्ये मी जबरदस्तीनं दोनदा थांबवून सिस्टरना हात झटकायला लावला. चहा आला आणि गार झाला. मास्तरीणबाईंचे यजमान खुर्ची पुढं ओढत ओढत टीव्हीपासून चार फुटांवर आले होते. चौतिसावा पार पडला. पस्तिसावा लागला. दोघींचा एकेकच रणगाडा उरला होता. शकुंतलाबाईंचा अर्ध्यातच गेला. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि फक्त म्हणाल्या, "आता तूच."

शेवटचे तीन रणगाडे एकट्या सिस्टरवर आले. घराभोवतीच्या विटा अर्ध्या गेल्या होत्या. पहिला त्यांनी सरळ मारला. दुसऱ्याला जवळ येऊ दिलं. तिसरा बाजूनं शिरला आणि सिस्टरचा अंगठा बटणावर होता, पण दबेना. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. रणगाडा घराच्या रेषेत आला, वळला, आणि अंगठा दबला. गोळी आणि गोळी समोरासमोर आपटली. अंगठा पुन्हा दबला. पडदा मोकळा झाला.

आम्ही सगळे श्वास धरून बघत राहिलो. बत्तीस वर्षं न दिसलेला शेवट आता दिसणार होता. गुण मोजले गेले, पडदा राखाडी झाला, आणि त्यावर आकडा आला. एक. पुन्हा पहिलाच टप्पा. त्याच विटा, तीच धून. शेवट नव्हताच.

मला वाईट वाटलं, यजमान तर चक्क रागावले. पण त्या दोघी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. शकुंतलाबाईंनी कंट्रोलर पुन्हा हातात घेतला. "म्हणजे संपतच न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि आपण उगाच बदलीला रडत होतो."

त्या संध्याकाळी सिस्टरनी तिथूनच मीनलला फोन केला. मोबाइल उजव्या हातात होता. "मी पुण्याला येत न्हाई," त्या म्हणाल्या, "आणि लातूरलाही राहत न्हाई. शकूच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत. तू येऊन हात बघून जा, मग बोल." मीनल आली, बघितलं, खूप वेळ आईचा अंगठा धरून बसली आणि मग सामान बांधायला लागली.

जूनमध्ये टेम्पो आला. मी दोन दिवस मदत करत होते. सिस्टर मजूर पलंग कसा धरतायत यावर सूचना देत होत्या. शेवटी टेम्पोत पुढं बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही तरी निरोपाचं बोलतील. त्या म्हणाल्या, "तुझं वजन वाढलंय. साखर तपासून घे." टेम्पो गेला. समोरच्या दारावरची पाटी उतरवली होती, चार खिळे तेवढे राहिले होते.

लोक मला अजून विचारतात, ती काडी घ्यावी का. मी त्यांना खरं ते सांगते. ती आठ महिन्यांनी बंद पडली. सिस्टरनी दुसरी घेतली.

गेल्या महिन्यात नांदेडला एका लग्नाला गेले होते, तशीच पुढं कंधारला गेले. न कळवता. शकुंतलाबाईंच्या घरासमोर चपलांचे सहा-सात जोड होते आणि एक काठी भिंतीला टेकवलेली. मी घाईनं पुढं झाले. आत डोकावले. खोलीत नवा टीव्ही होता. समोर एक म्हातारे गृहस्थ, तोंड किंचित वाकडं, उजव्या हातात कंट्रोलर, आणि शेजारी सिस्टर, दुसरा कंट्रोलर घेऊन. भिंतीलगत चार बायाबाप्ये रांगेत बसलेले, प्रत्येकाचा एक हात मांडीवर निपचित. शकुंतलाबाई वही घेऊन कुणाचा किती वेळ झाला ते लिहीत होत्या.

"काका, घर सोडू नका," सिस्टर सांगत होत्या. "पुढं मी हाय."

मी दारात उभी राहिले. सिस्टरना माझी चाहूल लागली असावी, कारण त्यांनी पडद्यावरची नजर न काढता डाव्या बाजूला सतरंजीवर जागा दाखवली. "वैशाली, बस," म्हणाल्या. "तुझा नंबर पाचवा."

मी चपला काढल्या आणि रांगेत जाऊन बसले.